जुन्या स्नेअर ड्रमची ओळख आणि कालनिश्चिती

जुन्या स्नेअर ड्रमची ओळख आणि कालनिश्चिती म्हणजे एखादा स्नेअर ड्रम कोणत्या कारखान्यात, कोणत्या नमुन्याचा आणि साधारण कोणत्या वर्षी तयार झाला हे त्याच्या अंगावरील खुणांवरून ठरविण्याची पद्धती होय. वाद्यसंग्राहक, दुरुस्ती करणारे कारागीर, वादक आणि वाद्यांचे व्यापारी यांना तिची गरज पडते. पन्नास-साठ वर्षे वाजविला गेलेला ड्रम मूळ भागांसह क्वचितच सापडतो. त्याचे काही भाग झिजून, तुटून किंवा हरवून बदललेले असतात. त्यामुळे 'हा ड्रम कधीचा?' या प्रश्नाआधी 'या ड्रममधील कोणता भाग कधीचा?' हा प्रश्न सोडवावा लागतो. या लेखात प्रामुख्याने अमेरिकी ड्रमांचा, त्यांतही शिकागोच्या लुडविग कंपनीच्या ड्रमांचा विचार केला आहे. कारण त्यांची संख्या मोठी आहे आणि त्यांच्या खुणांचा अभ्यासही सर्वाधिक झाला आहे.

रचना

स्नेअर ड्रमच्या मधल्या दंडगोल अंगाला शेल म्हणतात. तबला किंवा ढोलकीच्या बाबतीत ज्याला 'खोड' म्हणतात तेच हे अंग. फरक इतकाच की स्नेअर ड्रमचे शेल लाकडाप्रमाणेच पितळ, पोलाद किंवा ॲल्युमिनियमचेही असते. शेलच्या दोन्ही तोंडांवर हेड, म्हणजे ताणलेले कातडे किंवा प्लॅस्टिकचे पान, बसविलेले असते. हेड दाबून धरणाऱ्या धातूच्या कड्याला हूप म्हणतात. हूपमधून जाणारे लांब स्क्रू म्हणजे टेन्शन रॉड, आणि ते ज्यांत बसतात ते शेलवरील धातूचे ठोकळे म्हणजे लग. खालच्या हेडला टेकलेल्या तारा (स्नेअर) एका बाजूला कळीने ताणल्या वा सैल केल्या जातात. या कळीला स्ट्रेनर किंवा थ्रो-ऑफ म्हणतात. तारांचे दुसरे टोक पकडणाऱ्या भागाला बट-प्लेट म्हणतात. पुष्कळ जुन्या ड्रमांत वरच्या हेडचा नाद दाबण्यासाठी आतून नमद्याची एक गादी बसविलेली असे. तिला मफलर म्हणतात.

हेड आणि तारा या बदलण्यासाठीच असतात. त्यांवरून काळ ठरविण्याचा प्रयत्न करू नये. प्लॅस्टिकचे हेड १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रचारात आले. रेमो बेली यांनी त्यांची कंपनी १९५७ मध्ये सुरू केली. त्याआधी वासराचे कातडे वापरले जाई. म्हणून १९३०च्या दशकातील ड्रमवर आज प्लॅस्टिकचे हेड असणे हा दोष नव्हे, आणि एखाद्या ड्रमवर कातड्याचे हेड आहे म्हणून तो जुना ठरत नाही. मात्र कातड्याच्या काळातील काही शेलवर आधुनिक हेड फार घट्ट बसते किंवा बसतच नाही. ही गोष्ट हेडविषयी नसून शेलविषयी माहिती देते आणि म्हणून ती उपयोगी आहे.

शेल आणि त्यावरील छिद्रे

तबल्याची पुडी कितीही वेळा बदलली आणि वादी नवी ओवली तरी तबला त्याच्या खोडावरून ओळखला जातो. स्नेअर ड्रमलाही हाच न्याय लागू पडतो. शेलचा काळ तोच ड्रमचा काळ, बाकी सर्व भाग हे त्या काळाविषयीचे साक्षीदार. साक्षीदार खोटे बोलू शकतात. शेलवरील छिद्रे सहसा खोटे बोलत नाहीत. एकदा पाडलेले छिद्र बुजविता येते, पण नाहीसे करता येत नाही.

म्हणून तपासणीचा प्रारंभ ड्रम पूर्ण उघडून, दोन्ही हेड काढून, आतून करणे योग्य. बाहेरून मुलामा किंवा रंगीत प्लॅस्टिकचे आवरण पुष्कळ गोष्टी झाकते. आतील बाजूला कोणी सहसा हात लावलेला नसतो. पुढील बाबी आतून पाहाव्या लागतात.

प्रत्येक छिद्राला त्याचे काम असले पाहिजे. लगांची छिद्रे, स्ट्रेनरची, बट-प्लेटची, मफलरचे एक आणि बॅजजवळचे हवेचे एक, एवढीच छिद्रे मूळ ड्रमवर असतात. याहून अधिक आढळलेले प्रत्येक छिद्र म्हणजे केव्हातरी वेगळा भाग बसविला होता याची नोंद होय. ते स्ट्रेनरच्या परिसरात असेल तर स्ट्रेनर बदलला गेला आहे, हे जवळजवळ निश्चित. कारखान्यातील छिद्रे एकाच साच्याने पाडलेली, सरळ रेषेत आणि सारख्या कडांची असतात. नंतर हाताने पाडलेल्या छिद्रांच्या कडा पुष्कळदा फाटलेल्या असतात आणि लाकडी शेलमध्ये आतून ढलपी निघालेली दिसते.

याच्या उलट परिस्थितीही महत्त्वाची आहे. जादा छिद्र नाही, एवढ्यावरून भाग मूळ आहे असे सिद्ध होत नाही. नव्या भागाच्या स्क्रूंचे अंतर जुन्याइतकेच असेल तर तो जुन्याच छिद्रांत बसतो. अशा वेळी भागाची 'सावली' पाहावी लागते. अनेक वर्षे एकाच जागी राहिलेल्या लगाखाली किंवा स्ट्रेनरखाली शेलचा रंग वा चकाकी ताजी राहते आणि भोवतीचा भाग मंदावतो. भाग काढल्यावर उमटलेली ही आकृती बसविलेल्या भागाच्या आकाराशी जुळत नसेल, तर तो भाग मागाहून आलेला आहे. अनेक अनुभवी संग्राहक चकाकीपेक्षा या मळकट आकृतीवर अधिक भरवसा ठेवतात आणि तो रास्तच आहे. म्हणूनच ड्रम स्वच्छ पुसून घासण्याआधी त्याची छायाचित्रे घेणे आवश्यक ठरते. घाईने केलेल्या सफाईत उत्तम पुरावा नष्ट होतो आणि तो परत मिळत नाही.

स्क्रू हा लहान पण बोलका पुरावा आहे. अधिक चिन्हाच्या आकाराची खाच असलेला फिलिप्स स्क्रू १९३०च्या दशकाच्या मध्यानंतर वापरात आला. तेव्हा १९२०च्या दशकातील ड्रमच्या लगांना असे स्क्रू असतील तर ते बदललेले आहेत. आट्यांचेही तसेच. बहुतेक अमेरिकी टेन्शन रॉडचे आटे इंची मापाचे असतात; जर्मनीच्या सोनोर कंपनीच्या जुन्या ड्रमांचे मात्र ६ मिलिमीटर मापाचे. चुकीचा रॉड जबरदस्तीने फिरविल्यास लगातील आटे मरतात, आणि मग लगच बदलण्याची पाळी येते.

बॅज आणि क्रमांक

शेलवरील निर्मात्याच्या नावाची पट्टी, म्हणजे बॅज, ही सर्वांत आधी पाहिली जाणारी आणि सर्वांत जास्त दिशाभूल करणारी खूण आहे.

लुडविगच्या बाबतीत आधी कंपनीचा इतिहास ठाऊक असणे आवश्यक ठरते. विल्यम एफ. लुडविग आणि थिओबाल्ड लुडविग या बंधूंनी १९०९ मध्ये शिकागो येथे 'लुडविग अँड लुडविग' ही कंपनी स्थापन केली. १९२० च्या दशकाच्या अखेरीस ती सी. जी. कॉन या कंपनीकडे गेली आणि तिचे उत्पादन इंडियाना राज्यातील एल्कहार्ट येथे हलले. विल्यम लुडविग यांनी १९३७ मध्ये शिकागोत नवी कंपनी काढली. परंतु स्वतःचे आडनाव आधीच विकले गेलेले असल्याने तिला आपल्या नावाच्या आद्याक्षरांवरून 'डब्ल्यू. एफ. एल.' असे नाव द्यावे लागले. १९५५ मध्ये त्यांनी लुडविग हे नाव कॉनकडून परत विकत घेतले. परिणामी १९४०च्या दशकातील ज्या ड्रमवर 'लुडविग' असे नाव आहे तो विल्यम लुडविग यांच्या कारखान्यातील नव्हे, आणि जो त्यांच्या कारखान्यातील आहे त्यावर ते नाव नाही. नवशिक्या संग्राहकाची पहिली फसगत बहुधा येथेच होते.

१९६०च्या सुमारास लुडविगच्या ड्रमांवर कमानीच्या मध्यदगडासारख्या, वर रुंद व खाली निमुळत्या आकाराचा 'कीस्टोन' बॅज येऊ लागला. प्रारंभी त्यावर क्रमांक नसे. क्रमांक छापण्यास १९६३च्या अखेरीस सुरुवात झाली. १९६९-७०च्या सुमारास कीस्टोनची जागा निळ्या आणि ऑलिव्ह रंगांच्या बॅजने घेतली. त्याचे कोपरे आधी टोकदार होते आणि १९७०च्या दशकाच्या अखेरीस गोलसर झाले. १९८१ मध्ये कंपनी सेल्मरकडे गेली व १९८४ मध्ये उत्पादन शिकागोतील डेमन ॲव्हेन्यूवरील कारखान्यातून नॉर्थ कॅरोलायनातील मनरो येथे हलविण्यात आले. त्यामुळे विनाक्रमांक कीस्टोन, क्रमांकित कीस्टोन आणि निळा-ऑलिव्ह या तीन बॅजांवरून १९६० ते १९८४ या काळाचे ढोबळ तुकडे पाडता येतात.

क्रमांकावरून अचूक वर्ष काढता येते, हा मात्र रूढ गैरसमज आहे. बॅज छापून आले की ते पेट्यांत पडत आणि कामगार हाताला येईल तो बॅज लावीत. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी बीटल्सचा कार्यक्रम एड सलिव्हन यांच्या दूरचित्रवाणी मालिकेत झाला. रिंगो स्टारच्या ड्रमवरील लुडविगचे नाव त्या रात्री कोट्यवधी प्रेक्षकांनी पाहिले आणि कारखान्यावर मागणीचा लोंढा आला. अशा घाईत क्रमवारीची शिस्त राहिली नाही. एकाच संचातील, एकाच दिवशी विकलेल्या ड्रमांचे क्रमांकही हजारोंच्या अंतराने आढळतात. क्रमांकांच्या ज्या सारण्या प्रचलित आहेत त्या नंतरच्या अभ्यासकांनी अन्य पुराव्यांवरून रचलेल्या आहेत. त्या दिशा दाखवितात, निर्णय देत नाहीत.

बॅज मूळ आहे की दुसऱ्या ड्रमवरून आणून लावला आहे हे पाहण्यासाठी त्याच्या मधोमध असलेल्या पोकळ रिव्हेटकडे लक्ष द्यावे. हवेच्या छिद्रातून जाणारा हा रिव्हेट आतून पसरवून घट्ट केलेला असतो. बॅज काढायचा तर तो वाकवावा किंवा कापावा लागतो. रिव्हेटची आतील कड फाटलेली, दोनदा ठोकलेली किंवा भोवतालच्या मळाच्या मानाने फारच उजळ दिसली तर बॅजची साक्ष बाजूला ठेवणेच बरे.

धातूचे शेल

लुडविगचा 'सुप्राफोनिक ४००' हा १४ इंच व्यासाचा, ५ इंच उंचीचा आणि दहा लगांचा ड्रम ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात फार मोठ्या प्रमाणावर वापरला गेला. त्याची आरंभीची शेल क्रोमचा मुलामा दिलेल्या पितळेची होती; १९६३च्या सुमारास कंपनी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूकडे वळली. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. पितळी शेलला संग्राहकांकडून पुष्कळच अधिक किंमत येते, म्हणून हा भेद केवळ अभ्यासाचा राहत नाही.

येथे चुंबकाचा उपयोग होत नाही, कारण पितळ आणि ॲल्युमिनियम दोन्हींना चुंबक चिकटत नाही. त्याने फक्त पोलादी शेल किंवा पोलादी हूप वेगळे काढता येतात. खरा भेद वजनात कळतो. पितळ ॲल्युमिनियमच्या तिपटीहून अधिक घनतेचे असल्याने हातात घेताच फरक जाणवतो. दुसरी खूण छिद्रांच्या आतील कडांत दिसते. तेथे मुलामा झिजलेला असल्यास पितळ पिवळे आणि ॲल्युमिनियम पांढुरके दिसते. तिसरी खूण म्हणजे मुलाम्याचे फोड. ॲल्युमिनियमवर क्रोम नीट टिकत नाही. ओल शिरली की त्याखाली पुटकुळ्या येतात आणि पापुद्रे सुटतात. हा दोष या नमुन्याचा इतका ओळखीचा आहे की जुने सुप्राफोनिक पूर्ण नितळ दिसले तर 'मुलामा नव्याने दिला आहे काय?' अशी शंका घ्यावी. धातू पाहण्यासाठी चकचकीत भागावर ओरखडा काढणे मात्र कधीही क्षम्य नाही.

याच ॲल्युमिनियम शेलवर क्रोम न देता आणि दहाऐवजी आठ लग लावून 'ॲक्रोलाइट' नावाचा स्वस्त ड्रम विकला जाई. अमेरिकेतील शाळकरी विद्यार्थ्यांच्या हाती तो प्रामुख्याने गेला. लगांची संख्या शेलवरील छिद्रांतच पक्की असल्याने, भाग कितीही बदलले तरी ॲक्रोलाइटचा सुप्राफोनिक होत नाही.

लाकडी शेल

लुडविगच्या लाकडी शेलमध्ये आतील रंग हा बॅजइतकाच, किंबहुना त्याहून भरवशाचा पुरावा मानला जातो; कारण रंग एका ड्रमवरून उचलून दुसऱ्यावर नेता येत नाही. १९६०च्या दशकाच्या अगदी आरंभापर्यंत आतून पांढरा रंग दिला जाई. त्यानंतर १९६८च्या सुमारापर्यंत ठिपकेदार करडा रंग आढळतो आणि पुढे लाकडाचा पोत दिसू देणारा पारदर्शक लेप येतो. शेलच्या दोन्ही कडांना आतून मजबुतीचे लाकडी कडे चिकटवलेले असणे हीदेखील जुन्या बांधणीची खूण होय. १९७०च्या दशकात अशा कड्यांशिवायची सहा पदरी शेल आली.

१९६०च्या दशकातील अनेक शेलमध्ये आतून रबरी शिक्क्याने तारीख उमटवलेली आढळते. ती सापडली तर शोध पुष्कळसा संपतो. मात्र ती शेलची तारीख असते, विक्रीची नव्हे. शेल काही काळ साठ्यात पडून राहिलेले असू शकते. शिवाय शिक्का सर्वच शेलवर नसतो. त्यामुळे तारखेचा अभाव हा खोटेपणाचा पुरावा ठरत नाही.

युद्धकाळातील ड्रम

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने वाद्यांतील धातूच्या वापरावर कडक मर्यादा घातल्या आणि ड्रममध्ये वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक निर्बंधित धातू वापरण्यास मनाई झाली. स्लिंगरलँड कंपनीचा 'रोलिंग बॉम्बर' हा या काळातील प्रसिद्ध नमुना. त्याचे लगही लाकडाचे असत. असे लाकडी भाग तडकत, आणि युद्ध संपल्यावर पुष्कळ मालकांनी ते काढून धातूचे लग बसविले. त्यामुळे या काळातील ड्रमबाबत प्रश्न उलटा होतो. मजबूत, चकचकीत धातूचे लग दिसणे हीच येथे बदलाची खूण असू शकते आणि त्याखाली दडलेल्या रुंद सावल्या मूळ लाकडी लगांचे अस्तित्व सांगतात.

अन्य निर्माते

स्लिंगरलँडच्या बॅजवरील गावाचे नाव उपयोगी पडते. शिकागोचा उल्लेख जुन्या ड्रमांवर आणि नाइल्सचा १९६०च्या स्थलांतरानंतरच्या ड्रमांवर आढळतो. त्यांच्या 'रेडिओ किंग' या १९३०च्या दशकातील नमुन्याचे शेल मेपलच्या एकाच फळीला वाफेने वाकवून केलेले असे, आणि त्याचा सांधा आतून पाहता येतो. ब्रुकलिनच्या ग्रेच कंपनीचा गोल बॅज १९७०च्या दशकाच्या प्रारंभापर्यंत चालला व नंतर अष्टकोनी बॅज आला. या ड्रमांच्या आतील रुपेरी रंग प्रसिद्ध आहे. लीडी कंपनीही लुडविगप्रमाणेच कॉनकडे गेल्याने त्या काळात दोघांच्या भागांत सरमिसळ आढळते.

निष्कर्ष काढण्याची रीत

कालनिश्चितीत दोन मर्यादा शोधाव्या लागतात, ड्रम याआधीचा असू शकत नाही अशी एक आणि यानंतरचा असू शकत नाही अशी दुसरी. मूळ ठरलेल्या भागांपैकी सर्वांत उशिरा प्रचारात आलेला भाग पहिली मर्यादा देतो आणि सर्वांत आधी बंद झालेला भाग दुसरी. बदललेला भाग यांपैकी कोणतीही मर्यादा देत नाही. तो फक्त ड्रमच्या पुढील आयुष्याविषयी सांगतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. दहा लगांचे, क्रोम दिलेले, हलके शेल आहे. छिद्रांच्या कडा आतून पांढुरक्या आहेत. क्रमांकित कीस्टोन बॅज असून त्याच्या रिव्हेटभोवतीचा मळ अखंड आहे. स्ट्रेनर लुडविगचाच, पी-८५ जातीचा आहे. परंतु त्याच्या बाजूला आतून दोन बुजविलेली छिद्रे आहेत. वरचे हूप खालच्यापेक्षा जाड व उजळ आहे. येथे शेल ॲल्युमिनियमचे आणि बॅज मूळ मानता येतो. क्रमांकामुळे ड्रम १९६३च्या अखेरीपूर्वीचा नाही आणि कीस्टोनमुळे १९६९-७०च्या नंतरचा नाही. दोन जादा छिद्रे सांगतात की मध्यंतरी कोणीतरी भिन्न प्रकारचा स्ट्रेनर बसविला होता आणि पुढे कोणीतरी पुन्हा लुडविगचा आणून लावला. पी-८५ हा स्ट्रेनर कंपनीने अनेक दशके बनविला, त्यामुळे तो 'योग्य' असला तरी 'मूळ' नाही. वरचे हूप बदललेले आहे. अशा ड्रमची नोंद '१९६४ ते १९६९, शेल, लग व बॅज मूळ. स्ट्रेनर त्याच जातीचा पण नंतरचा. वरचे हूप बदललेले. दोन छिद्रे बुजविलेली' अशी करावी. '१९६४चा मूळ सुप्राफोनिक' असे लिहिणे आकर्षक असले तरी खरे नव्हे.

'योग्य' आणि 'मूळ' हा भेद विक्रीच्या वर्णनांत फार सहज पुसला जातो. काळाला साजेसे जुने भाग गोळा करून पूर्ण केलेला ड्रम वाजविण्यास उत्तम असू शकतो. तो मूळ म्हणून विकणे ही मात्र फसवणूक आहे. दुसऱ्या बाजूने, बदललेल्या भागांमुळे ड्रम निकामी ठरविणेही अनाठायी होय. स्क्रू काढून पूर्ववत करता येणाऱ्या बदलाने फारसे बिघडत नाही. नवे छिद्र, कापलेली कड किंवा घासून काढलेला मूळ रंग यांची भरपाई होत नाही. म्हणून निघालेला जुना भाग, तो मोडका असला तरी, ड्रमसोबत जपून ठेवण्याची शिफारस केली जाते.

भारतातील जुने ड्रम

भारतात लष्कर, पोलीस आणि शाळांच्या बँडमध्ये या वाद्याला 'साइड ड्रम' म्हणतात. मुंबईच्या चित्रपट-ध्वनिमुद्रणांत आणि जॅझ वाद्यवृंदांत गोमंतकीय व पारशी वादकांनी परदेशी बनावटीचे ड्रम वापरले. कावस लॉर्ड आणि त्यांचे पुत्र केरसी व बुजी ही त्यांतील परिचित नावे. १९९१ पूर्वीच्या आयात निर्बंधांच्या काळात परदेशी सुटे भाग मिळणे कठीण होते. त्यामुळे अशा ड्रमांत स्थानिक लेथवर घडविलेले टेन्शन रॉड, मेरठसारख्या वाद्यनिर्मितीच्या केंद्रातून आलेली हूप किंवा इंची आट्यांच्या जागी मिलिमीटर मापाचे पाडलेले आटे आढळण्याची शक्यता जमेस धरावी लागते. हे भाग परदेशी सूचिपत्रांत सापडणार नाहीत, आणि ते नाहीत म्हणून ड्रम बनावट ठरवू नये. येथेही शेल उघडून, छिद्रे मोजूनच प्रारंभ करावा लागतो.